परदेशवारीच्या लसी: मागतात त्या आणि लागतात त्या

सोलापुरातून परदेशी जाणारे साधारण चार प्रकारचे. हज-उमराहला जाणारे, चादर-टॉवेल-गणवेशाच्या धंद्यानिमित्त आफ्रिकेपर्यंत फिरणारे, आखातात नोकरीला निघालेले आणि अमेरिका-युरोपात शिकायला जाणारी मुलं. प्रत्येकाचा लसींचा हिशोब वेगळा असतो, पण चूक बहुधा एकच होते. आधी तिकीट, मग व्हिसा, मग बॅगा, आणि लस निघायच्या आठवड्यात. लसीचं काम शरीरात व्हायचं असतं आणि त्याला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. जास्त पैसे मोजून ते कमी होत नाहीत. म्हणून निघायची तारीख कच्ची ठरली की तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजा आणि त्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

जाताना दोन याद्या वेगवेगळ्या धरा. एक, मागितल्या जाणाऱ्या लसींची. यांचं प्रमाणपत्र नसेल तर व्हिसा, विमान किंवा प्रवेश अडतो. या यादीचा हेतू त्या देशाचं रक्षण हा असतो, तुमच्यामुळे तिथं रोग शिरू नये हा. दुसरी, तुम्हाला लागणाऱ्या लसींची. या कुणी मागत नाही. काउंटरवर कुणी विचारत नाही, एजंट सांगत नाही, तिकिटावर छापलेलं नसतं. पण तिथं गेल्यावर आजारी पडायचं की नाही हे बरंचसं या दुसऱ्या यादीवर ठरतं. पहिली यादी पुरी झाली की लोक निर्धास्त होतात. आमच्या मते सगळ्यात मोठी गफलत तीच.

लसीला वेळ का लागतो

लसीत रोगाचा जंतू मेलेल्या अवस्थेत असतो, किंवा त्याचा एखादा तुकडा असतो, किंवा जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो. शरीर तो ओळखतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी तयार करतं आणि ती ओळख जपून ठेवतं. पहिल्यांदाच ओळख होत असेल तर याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात. काही लसींत पहिला डोस फक्त ओळख करून देतो, खरी ताकद दुसऱ्या-तिसऱ्या डोसने येते. दोन डोसांमधलं अंतर त्यासाठीच असतं. ते घाईने कमी केलं तर तो डोस धरला जात नाही. उलट अंतर लांबलं तर फारसं बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस तेवढा घ्यायचा.

जिवंत जंतूच्या लसींचा एक नियम लक्षात ठेवा. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्या आणि यलो फीवर या तिन्ही अशा लसी आहेत. इंजेक्शनने घ्यायच्या अशा दोन लसी एकतर एकाच दिवशी घ्या, नाहीतर त्यांत किमान २८ दिवसांचं अंतर ठेवा. मध्येच घेतली तर पहिल्या लसीने जागी केलेली यंत्रणा दुसऱ्या लसीतल्या दुबळ्या जंतूला वाढूच देत नाही आणि दुसरी लस वाया जाऊ शकते. मेलेल्या जंतूच्या लसींना ही अट नाही. त्या एकाच दिवशी, वेगळ्या दंडावर किंवा त्याच दंडावर इंचभर अंतराने घेता येतात.

गरोदर असाल, कॅन्सरची औषधं चालू असतील, जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असतील किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिवंत लस सहसा देत नाहीत. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. "बीपीची आहे, रक्ताची आहे" असं सांगून भागत नाही, नाव लागतं. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर जिवंत लस घेतल्यावर महिनाभर थांबावं.

यलो फीवर: जाताना नाही, येताना अडकवणारी लस

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात आहे. नायजेरिया, घाना, युगांडा, केनिया, इथिओपिया, ब्राझील, पेरू, कोलंबिया ही त्यातली आपल्याकडून ये-जा होणारी नावं. विषाणू डासातून येतो. बहुतेकांना ताप, अंगदुखी, उलट्या होऊन बरं वाटतं. काहींना मात्र एक-दोन दिवस बरं वाटल्यावर ताप परत चढतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. विषाणू मारणारं खास औषध नाही. लस मात्र उत्तम आहे. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली ती तयार केली, त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं आणि आजही त्याच दुबळ्या केलेल्या विषाणूपासून ती बनते. अर्ध्या मिलिलिटरचा एक डोस बहुतेकांना आयुष्यभर पुरतो.

भारतात हा रोग नाही, तरी आपलं सरकार या बाबतीत इतकं कडक का? कारण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती तोच हा. काही दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात घरोघरी पिंप, हौद, टाक्या भरून ठेवाव्या लागतात आणि झाकण नसलेलं स्वच्छ साठवणीचं पाणी या डासाला अंडी घालायला हवंच असतं. आफ्रिकेतून विषाणू रक्तात घेऊन आलेला एक माणूस आणि त्याला चावणारा गल्लीतला एक डास, एवढं जुळून यायचा अवकाश. इथं या रोगाची प्रतिकारशक्ती कुणातच नाही. या लसीच्या प्रमाणपत्राशिवाय तिकडून आलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात, म्हणजे वेगळं, ठेवण्याची अट त्यासाठी आहे: डास चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस जातात.

आता गोम कुठे आहे ते पाहा. समजा एखादा व्यापारी मुंबईहून थेट नैरोबीला चालला आहे. केनिया हे प्रमाणपत्र रोग असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतो आणि भारत त्यांत नाही. त्यामुळे तिथं उतरल्यावर कदाचित कुणी विचारणारही नाही. पण परत येताना तो रोग असलेल्या देशातून भारतात येतो. प्रमाणपत्र नसेल तर मुंबई विमानतळावरचे आरोग्य अधिकारी त्याला विलगीकरणात ठेवू शकतात. तो देश सोडल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत, किंवा प्रमाणपत्र लागू होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते. घाना, युगांडा यांसारखे देश तर कुठूनही आलेल्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र मागतात. तिथं विमान कंपनी मुंबईतच बोर्डिंग पास अडवते. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलायचं असेल तरी हाच प्रश्न येतो. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही हे आरोग्य अधिकाऱ्यांना पटलं तर सूट मिळू शकते, पण तिथं हॉटेलात रात्र काढली तर विषय संपला. स्वस्त तिकीट घेताना मधला थांबा कुठे आहे हे आधी बघा.

प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. १ जूनला लस घेतली तर ११ जूनपासून. दहा दिवसांत बहुतेकांना संरक्षण मिळतं, तीस दिवसांत जवळजवळ सर्वांना. म्हणून कागदाला दहा दिवस पुरतात, पण शरीरासाठी महिनाभर आधी घेणं बरं. पूर्वी दर दहा वर्षांनी परत घ्यावी लागे. ११ जुलै २०१६ पासून एक प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुनी प्रमाणपत्रंसुद्धा.

ही लस नेहमीच्या दवाखान्यात किंवा औषध दुकानात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्रही त्यांचंच चालतं. केंद्रांची चालू यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. सोलापूरकरांना बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. जायच्या आधी नोंदणी करा, निदान फोन तरी करा. याचं कारण कुपीत आहे. या लसीची एक कुपी अनेक जणांची असते, तिची पूड द्रावणात मिसळली की ती काही तासांतच वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे बरीच केंद्रं ठराविक वारी, ठराविक वेळेत, ठराविक संख्येनेच लस देतात. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्यात केंद्रावर पोहोचेपर्यंत त्या दिवशीचे नंबर संपलेले असू शकतात. मुंबईचं केंद्र असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, सकाळी लवकर रांगेत लागता येतं.

सोबत मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि चालू औषधांची चिठ्ठी न्या. नाश्ता करून जा. उपाशीपोटी सुई घेऊन चक्कर येणारे खूप असतात, लसीला उपास लागत नाही. अंड्याची जोरदार ॲलर्जी असेल, म्हणजे अंडं खाल्ल्यावर ओठ सुजणं, श्वास लागणं असं झालं असेल, तर आधीच सांगा. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते. लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसा, कारण जोरदार ॲलर्जी आली तर ती याच वेळात येते. नंतर काही दिवसांनी हलका ताप, अंगदुखी येऊ शकते. लसीमुळेच अवयव बिघडण्याचा गंभीर प्रकार लाखात एकापेक्षाही कमी जणांत होतो, पण साठीनंतर हा धोका वाढतो. म्हणून साठीपुढच्या माणसाने "सगळे घेतायत म्हणून" ही लस घेऊ नये. प्रवास खरोखर त्या पट्ट्यात आहे का, टाळता येतो का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. लस चालत नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर तसं वैद्यकीय कारणाचं पत्र प्रमाणपत्रासोबत मिळतं. मात्र ते मानायचं की विलगीकरणात ठेवायचं हे त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या हाती असतं.

प्रमाणपत्र हातात पडलं की टेबल सोडण्याआधी वाचा. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, आडनाव-नाव उलटसुलट न झालेलं. पासपोर्ट नंबर. लस दिल्याची तारीख, त्यात महिना अक्षरांत. उत्पादकाचं नाव आणि बॅच नंबर. डॉक्टरांची सही. केंद्राचा शिक्का. तुमची स्वतःची सही, जी करायला बहुतेक जण विसरतात. खाडाखोड झालेलं किंवा एखादा रकाना रिकामा राहिलेलं प्रमाणपत्र अधिकारी अमान्य करू शकतात, म्हणून चूक दिसली तर नवीनच लिहून घ्या, पांढरी शाई लावून घेऊ नका. प्रत्येक माणसाला, लहान मुलालाही, वेगळं प्रमाणपत्र लागतं. पुढे पासपोर्ट नवा झाला तर जुना रद्द पासपोर्ट जपून ठेवा, नंबर जुळवून दाखवता येतो.

"लस न घेता कार्ड काढून देतो" म्हणणारे लोक असतात. अशा कार्डावर नायजेरियात उतरलेल्या माणसाच्या अंगात प्रतिकारशक्ती नसते आणि खिशात बनावट सरकारी कागद असतो. असा व्यवहार कुणी सुचवला तर सरळ उठून या.

हज आणि उमराह

इथं मुख्य लस मेनिन्जायटिसची, मेंदूच्या आवरणाच्या सुजेची. हा जंतू निरोगी माणसाच्या घशातही राहतो आणि खोकल्यातून, जवळ राहण्या-झोपण्यातून पसरतो. तंबूत दाटीने झोपलेली, जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेली लाखो माणसं ही त्याच्यासाठी आयती संधी. १९८७ च्या हजनंतर ए गटाच्या जंतूची साथ अनेक देशांत गेली. २००० साली डब्ल्यू गटाची आली, त्यानंतर सौदी अरेबियाने ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चारही गटांची लस सक्तीची केली. हा आजार झाला तर उपचार मिळूनही दहातला एखादा दगावतो आणि वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपणा किंवा मेंदूची इजा राहते. सकाळी ताप आणि रात्री बेशुद्धी, इतका वेग असतो.

लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. ती दोन प्रकारची मिळते: पॉलिसॅकराइड, म्हणजे जंतूवरच्या साखरेच्या आवरणापासून केलेली, आणि काँज्युगेट, म्हणजे तेच आवरण प्रथिनाला जोडून केलेली. साध्या पॉलिसॅकराइड लसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, काँज्युगेट लसीचं पाच वर्षं. प्रमाणपत्रावर प्रकार लिहिलेला नसेल तर ते तीन वर्षांचंच धरतात. काँज्युगेटचे पैसे मोजले असतील तर तो शब्द कागदावर आला आहे ना, हे बघाच. काँज्युगेट घेण्याला आणखी एक कारण आहे: तिच्यामुळे घशात जंतू बाळगण्याचं प्रमाणही घटतं, म्हणजे परतल्यावर घरच्या नातवंडांना तो देण्याची शक्यता कमी होते.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी जिल्ह्यात लसीकरणाची शिबिरं लागतात, तिथं ही लस आणि तोंडावाटे पोलिओचा डोस देतात. उमराहवाले मात्र खासगी टूरने, वर्षात केव्हाही जातात. त्यांच्यासाठी शिबिर नसतं, त्यांना स्वतः लस शोधावी लागते. टूरवाल्यांनी "पाठवून देतो कागद" म्हटलं तर सुई कुठे आणि केव्हा टोचणार, हे विचारा.

आता दुसरी यादी. हज-उमराहहून परतणाऱ्यांपैकी कितीतरी जण आठवडाभर खोकत असतात. यातला इन्फ्लुएन्झा लसीने बराच टाळता येतो. निघण्याच्या दोन आठवडे आधी घ्यायची, दर वर्षी नवी, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलते. साठीपुढचे, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेले यांनी न्युमोनियाची म्हणजे न्युमोकॉकलची लसही डॉक्टरांना विचारावी. घरातली बुजुर्ग मंडळीच या प्रवासाला जास्त जातात आणि फ्लूनंतरचा न्युमोनिया त्यांनाच महागात पडतो.

शिकायला जाणारी मुलं

अमेरिकेतली विद्यापीठं प्रवेशानंतर एक लसीकरण फॉर्म पाठवतात. तो पुरा केल्याशिवाय अनेक ठिकाणी वर्ग निवडता येत नाहीत. सगळा घोळ होतो तो एमएमआरपाशी.

एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला. फॉर्मवर दोन डोस मागतात, पहिला वयाच्या पहिल्या वाढदिवसानंतरचा, दुसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी. आपल्या सरकारी लसीकरणात गोवराचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर देतात. तो पहिल्या वाढदिवसाआधीचा असेल तर तिकडे मोजत नाहीत. त्यात सरकारी एमआर लसीत गालगुंडाचा भाग नाहीच. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मोहिमेत शाळेत टोचली ती हीच एमआर. त्यामुळे कार्डावर "सर्व लसी पूर्ण" असं लिहिलेलं असूनही मुलाचा फॉर्म परत येतो. उपाय सोपा आहे: एमएमआरचे दोन डोस आता घ्यायचे. आधी घेतलेली असली तरी परत घेतल्याने नुकसान होत नाही. दुसरा मार्ग रक्ततपासणीचा, त्यात गोवर, गालगुंड, रुबेला प्रत्येकाच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या मोजतात. पण तपासणीचा खर्च होतो, एखादी निगेटिव्ह आली की लस घ्यावीच लागते आणि मधले दिवस जातात. जुनं कार्ड सापडत नसेल आणि हातात सहा आठवडे असतील तर सरळ दोन डोस घेणं आम्हाला जास्त व्यवहारी वाटतं.

बाकीच्या ओळी अशा. कांजिण्यांचे दोन डोस महिन्याच्या अंतराने, किंवा लहानपणी होऊन गेल्याचा डॉक्टरांचा दाखला. टीडॅप, ज्यात धनुर्वाताबरोबर घटसर्प आणि डांग्या खोकलाही आहे. गुडघा फुटल्यावर घेतलेलं टीटी म्हणजे टीडॅप नव्हे, फॉर्मवर ते चालत नाही. मेनिन्जायटिसची चार गटांची लस, बहुधा सोळाव्या वर्षानंतरची किंवा गेल्या पाच वर्षांतली, विशेषतः हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना. आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवरची लस.

हिपॅटायटिस बीचं गणित महिन्यांचं आहे: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. एप्रिलमध्ये प्रवेश नक्की झाला आणि ऑगस्टमध्ये निघायचं तर तिसरा डोस बसत नाही. दोन इथं घेऊन तिसरा तिकडे घेता येतो, विद्यापीठाला तसं कळवायचं. खरोखर घाई असेल तर ०, ७ आणि २१ व्या दिवशी अशी जलद पद्धत आहे, पण तिला बारा महिन्यांनी चौथा डोस जोडावाच लागतो. वैद्यकीय किंवा नर्सिंगला जाणाऱ्यांना डोसांनंतर अँटीबॉडीची पातळीही दाखवावी लागते, १० किंवा त्याहून जास्त हवी.

क्षयरोगाच्या चाचणीचा एक सापळा आहे. आपल्याकडे जन्मतः बीसीजी टोचतात, त्यामुळे मांटू म्हणजे हातावरची चाचणी रोग नसतानाही उमटू शकते. रक्तातून करायची आयजीआरए चाचणी बीसीजीने फसत नाही. शक्य तिथं तीच करा. शिवाय एमएमआर घेतल्यानंतर काही आठवडे या चाचण्यांचा निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. चाचणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर चार ते सहा आठवडे थांबा.

आखातात नोकरी

इथं वैद्यकीय तपासणी आधी येते. तिच्यात हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का हे पाहतात. कुणी तरी सांगतं म्हणून लोक तपासणीच्या आदल्या आठवड्यात हिपॅटायटिस बीची लस घेतात आणि तिथंच फसतात. लसीत त्या विषाणूच्या आवरणाचा जो भाग असतो, तोच चाचणीत शोधतात. लस घेतल्यावर जवळपास तीन आठवड्यांपर्यंत चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि निरोगी माणूस अनफिट ठरतो. तपासणी उरकून मगच ही लस घ्या.

कुणी न मागणाऱ्या बाकीच्या लसी

टायफॉइडची काँज्युगेट लस एका डोसची आहे, आफ्रिका किंवा दक्षिण आशियात बाहेरचं खाणाऱ्याने घ्यावी. हिपॅटायटिस ए आपल्यातल्या बहुतेक प्रौढांना लहानपणीच नकळत होऊन गेलेला असतो, पण फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना नाही. त्यांना ही लस खरंच लागते. रेबीजची आगाऊ लस, ० आणि ७ व्या दिवशी, गरजेप्रमाणे तिसरी, खेड्यापाड्यात किंवा साइटवर काम करणाऱ्यांसाठी. ती घेतलेली असली तरी कुत्रं चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात, मात्र महागडं आणि अनेक देशांत न मिळणारं इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन, लागत नाही. पोलिओ असलेल्या देशांत जायचं असेल तर किमान चार आठवडे आधी पोलिओ डोस आणि त्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो तसाच राहावा म्हणून ही दक्षता.

सोलापूरचा उन्हाळा आणि लसीची पेटी

बहुतेक सगळ्या लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमके त्याच महिन्यांत मुलांचे फॉर्म आलेले असतात. जी लस डॉक्टरांकडे नसते ती मेडिकलमधून आणायला सांगतात. ती हातातल्या पिशवीत, दुचाकीच्या डिकीत टाकून आणू नका. डिकीतलं तापमान बाहेरच्या उन्हाहूनही जास्त असतं. थर्मासची छोटी पेटी आणि जेल पॅक घ्या, लस वर्तमानपत्रात गुंडाळून मध्ये ठेवा. बर्फाला थेट टेकवायची नाही. हिपॅटायटिस बी, टीडॅप यांसारख्या लसी उन्हापेक्षाही गोठण्याने जास्त बिघडतात, आणि गोठून वितळलेली बाटली वरवर चांगलीच दिसते. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायची वेळ आलीच तर मधल्या फळीवर ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, दारातही नाही.

काही कुप्यांवर एक छोटं वर्तुळ असतं, त्यात फिकट चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चालेल. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर कुपी उष्णतेने बाद झाली आहे. टोचण्याआधी डॉक्टरांना ते दाखवायला सांगा, चांगले डॉक्टर आपणहून दाखवतात. बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या.

ज्यावर लस नाही

आफ्रिकेत जाणाऱ्या आपल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका मलेरियाचा, आणि प्रवाशांना टोचायची मलेरियाची लस आज नाही. यलो फीवरचं पिवळं कार्ड खिशात असलं की डासांची काळजी मिटली असं अनेकांना वाटतं. ते कार्ड मलेरियाला काहीही करत नाही. त्यासाठी गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतात. डॉक्सिसायक्लिन रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. मेफ्लोक्विन आठवड्याला एक, दोन-तीन आठवडे आधीपासून परतल्यावर चार आठवडे. झटके किंवा मानसिक आजार असलेल्यांना मेफ्लोक्विन देत नाहीत, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. घरी आल्यावर "आता काय करायच्या गोळ्या" म्हणून लोक थांबवतात आणि नेमका तेव्हाच यकृतात दबा धरलेला परजीवी रक्तात उतरतो.

गोळ्या नीट घेतल्या तरी परतल्यानंतरच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक देशातून अमुक तारखेला आलो. सोलापुरात पावसाळ्यात ताप म्हटलं की आधी डेंग्यू आणि टायफॉइड डोळ्यांसमोर येतात. आफ्रिकेतला फाल्सिपेरम जातीचा मलेरिया एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जातो. त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी मागा आणि पहिली निगेटिव्ह आली, ताप मात्र उतरला नाही, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायला सांगा.